सूचना दोनदा दिली जाईल

४ एप्रिल, सकाळ

साहेबांनी नोटीस लावली. दोन महिन्यांत बसस्थानकावर मशीन येणार आणि घोषणा मशीनच करणार. म्हणजे घोषणा-केबिन बंद, म्हणजे मी बंद. इंग्रजीचा सरकारी पेपर पास होईल त्याला वरच्या मजल्यावर कंट्रोल रूममध्ये खुर्ची. बाकीच्यांची बदली टायर गोदामात. गोदाम शहराबाहेर, वर्कशॉपच्या मागे. तिथे बोलायला टायर सोडून कोणी नाही.

पेपरात दोनच गोष्टी. उतारा वाचून प्रश्न सोडवायचे आणि रेकॉर्डिंग ऐकून प्रश्न सोडवायचे. रीडिंग आणि लिसनिंग. मागे दोन वेळा बसलो होतो. पहिल्या वेळी ताप होता. दुसऱ्या वेळी ताप येईल असं वाटत होतं. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी.

यंदा कंबर कसली आहे. रोज एक तास लिसनिंग, दोन उतारे. चहा कमी. वर्तमानपत्र कमी. झोप कमी.

४ एप्रिल, दुपार

जरा डुलकी लागली. सुरुवात उद्यापासून. अर्धवट दिवसाने आरंभ करू नये.

६ एप्रिल

लिसनिंग हे तर माझं घरचं मैदान. आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो, तर ऐकणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायचं? माझा सिद्धांत साधा आहे. कुठलीही सूचना दोनदा द्यायची असते. पहिल्यांदा दिलेली माणसाला जागं करायला, दुसऱ्यांदा दिलेली ऐकायला. पहिल्या घोषणेला प्रवासी फक्त मान वर करतो, दुसरीला पिशवी उचलतो. केबिनमध्ये बसून हे पाहत आलोय.

घरातही तेच. बायको दूध आणा म्हणते तेव्हा मी हं म्हणतो. पुन्हा म्हणते तेव्हा मी चपला शोधतो. तिला वाटतं मी मुद्दाम करतो. मी पद्धतीने करतो.

९ एप्रिल

सरावाच्या सात रेकॉर्डिंगपैकी पहिलं ऐकलं. एक बाई म्युझियमला फोन करून तिकिटाचं विचारते. वीसपैकी चार. पुन्हा ऐकलं, नऊ. असंच ऐकत गेलो आणि सातव्या वेळी वीसपैकी वीस. म्हणजे क्षमता पूर्ण आहे. किती वेळा ऐकलं हा तपशील झाला.

बायकोला मार्क सांगितले. म्युझियम उघडं असतं का हो सोमवारी, असं तिने विचारलं. म्हटलं, उत्तर क. ती म्हणाली, क म्हणजे काय. ते काही आठवलं नाही. क हे उत्तर बरोबर आहे एवढं नक्की.

१३ एप्रिल

रीडिंग. उतारा मधमाश्या पाळणाऱ्या माणसाचा. पहिला परिच्छेद छान समजला. दुसऱ्यात माश्या शिरल्या. तिसऱ्यात मी आणि माश्या दोघेही भरकटलो. तरी सिद्धांत सोडला नाही. आधी एकदा सगळं वाचायचं, समजून न घेता, नुसतं जागं व्हायला. मग दुसऱ्यांदा खरं वाचन. वेळ लागतो, पण पाया पक्का होतो.

१९ एप्रिल, रविवार

मुलीने उतारे वाचून दाखवायचं कबूल केलं. तिचं इंग्रजी कॉलेजचं, स्वच्छ. प्रत्येक वाक्य दोनदा वाचायला सांगितलं. वाचलं बिचारीने. तिसऱ्या उताऱ्याला तिचा आवाज बसला. म्हणाली, बाबा, एकदाच नीट ऐकून बघा ना, फार सोपं आहे. मी हसलो. अनुभव नाही अजून तिला.

पोरगी गुणी आहे हो. शिक्षण होऊन वर्ष झालं, अजून नोकरी नाही. मी कंट्रोल रूममध्ये गेलो की साहेबांशी तिच्याबद्दल बोलीन. चौकशी खिडकीत चिकटेल. मग मी वर, ती खाली. डबा एकत्र खाऊ.

२४ एप्रिल

आज अभ्यास नाही. हेडफोनचा एक कान गेला.

२८ एप्रिल, संध्याकाळ

नवा हेडफोन. दोन्ही कान. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलाखत चालू होती, तेवढ्यात मुलगी दारात येऊन उभी राहिली. काहीतरी बोलत होती. बरंच लांब वाक्य होतं, मध्येच अडखळली, पुन्हा बोलली. चेहरा लाल झालेला. रखवालदार महत्त्वाच्या मुद्द्यावर आला होता, म्हणून मी डोळे मिटले आणि हात वर केला. थांब, नंतर. ती क्षणभर उभी राहिली आणि पळतच आत गेली.

महत्त्वाचं असेल तर पुन्हा सांगेल. आपल्या घरात महत्त्वाचं सगळं दोनदा सांगितलं जातं.

२९ एप्रिल

तिने पुन्हा काही सांगितलं नाही. म्हणजे महत्त्वाचं नव्हतं. बायको मात्र आज माझ्याशी फारच गोड. न मागता चहा. बहुधा माझी जिद्द बघून.

३ मे

माळ्यावरची मोठी सुटकेस खाली आली आहे. धुऊनपुसून गॅलरीत उन्हाला ठेवलेली. जुने कपडे कोणाला तरी द्यायचे असणार. विचारत बसलो नाही. अभ्यासात लक्ष विचलित होतं.

८ मे

चौकशी खिडकीतला बोकाही पेपराला बसणार आहे. खरं नाव वेगळं, पण दुधावरच्या सायीसारखा नेहमी वर तरंगतो आणि मिशाही मांजरासारख्या, म्हणून सगळे बोका म्हणतात. कँटीनमध्ये भेटला. म्हणे तो प्रत्येक रेकॉर्डिंग एकदाच ऐकतो आणि उत्तरं लिहून मोकळा होतो. मार्क विचारले तर बारा-तेरा. माझे वीस. मला त्याची दयाच आली. त्याला सिद्धांत समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतला आणि चहाचे पैसे न देता निघून गेला.

१५ मे

बायकोने बाजारातून छोटा कुकर आणला. एका माणसाचा भात होईल एवढाच. माझ्यासाठी असणार, परीक्षेच्या दिवसांत हलकं खावं म्हणून. रात्री बायको जवळ बसली. म्हणाली, तुम्हाला खरंच चालेल ना हो, मनातून सांगा. मी म्हटलं, का नाही चालणार, मी तयार आहे. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही घर डोक्यावर घ्याल. माझ्या आत्मविश्वासाचा घरच्यांवर एवढा परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.

२० मे

वर्कशॉपकडे काम निघालं म्हणून गोदाम बघून आलो. लांबलचक पत्र्याची शेड. रबराचा वास नाकातून जात नाही. तिथला माणूस हातवारे करूनच बोलतो, त्याला सवयच राहिली नाही म्हणे. मी नमस्कार केला तर त्याने हनुवटी हलवली. मला तिथे जायचं नाही. भीती वाटते. एवढं खरं लिहून ठेवतो आणि पान उलटतो.

२५ मे

सर्व सात रेकॉर्डिंग तोंडपाठ. आवाज सुरू व्हायच्या आत उत्तरं लिहून होतात. आता कोणाच्या बापाला भीत नाही. मुलीने नवं पेन दिलं. म्हणाली, बाबा, फक्त सुरुवातीच्या सूचना नीट ऐका. सूचना! मला!

२६ मे, दुपार

पेपर झाला. जसं घडलं तसं लिहितो.

आधी लिसनिंग. हेडफोन लावले. बाईंचा आवाज सुरू झाला. काही सूचना दिल्या. मी तेव्हा पेन्सिलला टोक करत होतो, कारण पहिली वेळ जागं व्हायची. मग रेकॉर्डिंग. योगायोग बघा, एका बसस्थानकाचंच. एक माणूस हरवलेली छत्री शोधायला खिडकीवर येतो. मला घरी आल्यासारखं वाटलं. खुर्चीत मागे टेकून निवांत ऐकलं. खिडकीतली बाई त्याला नीट उत्तर देत नव्हती याचा रागही आला. मग शांतता. सगळे खसाखसा लिहू लागले. मी दुसऱ्या वेळेची वाट बघत राहिलो.

पुढचं रेकॉर्डिंग वेगळंच लागलं. मला वाटलं, सगळ्यांची दुसरी फेरी शेवटी एकदम घेत असतील. मशीनची सोय. तेही निवांत ऐकलं. मग तिसरं. मग बाई थँक यू म्हणाल्या आणि कानात नुसता घूं आवाज.

हात वर केला. सुपरवायझर बाई आल्या. म्हटलं, दुसरी फेरी राहिली. त्या म्हणाल्या, रेकॉर्डिंग एकदाच लागेल असं सुरुवातीला सांगितलं होतं. मी विचारलं, किती वेळा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, एकदा.

पुढच्या बाकावर बोका पेनाला टोपण लावत होता.

२६ मे, संध्याकाळ

हातपाय गाळायचं कारण नाही. रीडिंगवर भरून निघेल. रीडिंगमध्ये सगळे उतारे एकदा जागं होण्यासाठी वाचून काढले. दुसऱ्यांदा वाचायला घेतले तेव्हा पेपर गोळा करत होते. पण सगळीकडे क भरून दिला आहे. क सहसा दगा देत नाही.

३१ मे

केबिनमधला शेवटचा दिवस. मशीन उद्या सुरू. माइक फडक्याने पुसला.

संध्याकाळी मुलगी केबिनचा जिना चढून वर आली. नवीन कपडे. शेवटच्या दिवशी बापाला बघायला आली म्हणून ऊर भरून आला. म्हणाली, बाबा, निघते. मी म्हटलं, हो हो, नीघ, रात्री जेवताना बोलू. ती आधी हसली, मग गळ्यात पडली आणि खाली गेली. एवढं गळ्यात पडण्यासारखं काय, ते कळेना.

लांब पल्ल्याची गाडी चार नंबरला लागली होती. मी पहिली घोषणा केली. काचेतून खाली बघितलं तर गाडीजवळ बायको उभी. शेजारी आमची सुटकेस. कंडक्टर ती डिकीत ढकलत होता. छोटा कुकर मुलीच्या हातात, पिशवीतून दांडा बाहेर.

दुसरी घोषणा केली. कशी केली माहीत नाही. जीभ सवयीने चालली. मुलगी पायरी चढली, खिडकीशी बसली, वर केबिनकडे बघून हात हलवला.

मग मी तिसरी घोषणा केली. नोकरीत कधी केली नव्हती. ड्रायव्हरने मान बाहेर काढून वर बघितलं. माइक माझ्या हातात होता, सगळं स्टॅन्ड ऐकत होतं, आणि मला फलाट क्रमांक चारपलीकडे काही सुचलं नाही. गाडी निघाली.

३१ मे, उशिरा

बायकोने सगळं सांगितलं. मुलीला दूरच्या शहरात नोकरी लागली आहे. एप्रिलमध्ये ती घाबरत घाबरत मला विचारायला आली होती, जाऊ का म्हणून. मी डोळे मिटून हात वर केला. आशीर्वाद दिला. पोर रडत आत आली आणि म्हणाली, बाबा एका शब्दाने आडवे आले नाहीत.

मी म्हटलं, मग पुन्हा एकदा का नाही सांगितलं मला. बायको म्हणाली, पहिल्याच वेळी इतकं चांगलं उत्तर मिळालं, दुसऱ्यांदा विचारून कोण बिघडवून घेईल.

खरं काय ते तिला सांगितलं नाही. तो आशीर्वाद आता तसाच राहू दे.

१८ जून

निकाल. नापास. क ने दगा दिला. बोका पास, वर गेला. पेपर फेरतपासणीला टाकायचं ठरवलं, पण क तपासून क च राहणार.

१९ जून

गोदामाचा पहिला दिवस. गाडी आमच्याच स्टॅन्डवर बदलावी लागते. मशीन ऐकायचंच होतं. कोणा बाईचा आवाज आहे, गोड, न खोकणारा. वर्कशॉपच्या गाडीची घोषणा झाली. मी मान वर केली आणि दुसऱ्या घोषणेची वाट बघत उभा राहिलो.

मशीन एकदाच सांगतं.

सगळे चढले होते. पोरं कडेवर घेतलेल्या बायका, काठी टेकणारा म्हातारा, कानात हेडफोन घातलेली कॉलेजची मुलं, सगळे. एकाचीही गाडी चुकली नाही. माझी सोडून. इतकी वर्षं दुसरी घोषणा कोणासाठी करत होतो, हा विचार उशिरा पोचल्यावर टायर मोजताना मनात आला. तो मी पुरा केला नाही.

५ जुलै, रविवार

संकल्प: मुलीचा फोन आला की पहिल्याच वेळेला ऐकायचं.

आला. ऐकलं. खोली बरी आहे, खिडकी आहे, कुकर चालू आहे, ऑफिसातली माणसं चांगली आहेत. एकही शब्द सोडला नाही. वीसपैकी वीस.

मग तिने विचारलं, बाबा, तुम्ही कसे आहात. बायको बाहेर गेली होती. शेडमध्ये दिवसभर गप्प राहून घशाशी काय काय साठलं होतं. म्हटलं, तू गेल्यापासून घर खायला उठतं गं, मला करमत नाही, त्या दिवशी मी तुझं काही ऐकलंच नव्हतं, ऐकलं असतं तर जाऊ दिलं नसतं, आणि मी ऐकलं नाही हेच बरं झालं. आयुष्यात इतकं कोणाशी बोललो नव्हतो.

तिकडून खरखर. मग तिचा आवाज आला. बाबा, रेंज नव्हती, काही ऐकू आलं नाही, परत सांगा ना.

मी तोंड उघडलं. मग विचारलं, जेवलीस का.

ती म्हणाली, हो.

हे मात्र दोनदा विचारलं.