वायर माझ्या हातानं निघाली

बोरगाव मेघे, वर्धा
१२ नोव्हेंबर, बुधवार

चि. रत्नदीपले त्याच्या मायचा जय भीम अन् पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे आपलं काम करून राह्यले, म्हणजे दुखून राह्यले. पौर्णिमा तर लईच बरी आहे, तेच सांगाले कागद घेतला. फोनवर सांगितलं असतं, पण पोरीचं नाव काढलं की तू "बरं माय, ड्युटीवर जातो" म्हणतो अन् ठेवून देतो. कागद मधातून ठेवता येत नाई. माझी तिसरी पास अक्षरं आहेत, जिथं अडशील तिथं अंदाज लाव.

तर पहिले चांगली बातमी. तुझ्या पोरीले नोकरी लागली! सेलूले, एका खाजगी ऑफिसात. वरून काढलेल्या फोटोवर वावरायचे धुरे, म्हणजे बांध, आखाचे अन् नकाशे बनवाचे. एक डिसेंबरले, सोमवारी हजर व्हाचं. शेजारच्या वच्छलाबाईले सांगितलं तर म्हणते, "तानाबाई, पेढे आण." म्हटलं, "आणते, तू पहिले माझी परात आण." चार दिवस झाले, ना परात ना बाई.

त्या कामासाठी पौर्णिमानं एक येगळाच माऊस घेतला. तो जागचा हालत नाई. त्याच्या डोक्यावर लिंबाएवढा लाल गोटा आहे, तो बोटानं फिरवला की पडद्यावरचा बाण पयते. मीबी फिरवून पाह्यला, मजा वाटते. पण रेघ ओढाची तर बटन दाबून धरा अन् त्याच वेळी गोटा फिरवा. एका हातानं ते जमेना. धुरा अर्ध्यातच तुटे अन् पोरगी रडकुंडीले ये. ऑफिसवाले त्यायच्या कॉम्प्युटरमधी बाहेरचं काई टाकू देत नाईत. मंग ती म्हणाली, "आजी, जे शिकवाचं ते माऊसलेच शिकवते."

माऊसच्या पोटात जे लिहिलेलं असते त्याले फर्मवेअर म्हणतात. ते काढून तिले दुसरं भराचं होतं. एकडाव दाबलं की बटन दाबलेलंच राहीन, पुना दाबलं की सुटन, असं. मी म्हटलं, हे इकत भेटते काय? तर नाई! कुठल्या कुठल्या देशातल्या लोकायनं लिहून फुकट ठेवलं. ज्याले पाह्यजे त्यानं न्या, आपल्या परीनं बदलवा, अन् बदलवलेलं दुसऱ्यालेबी द्या. मले लई आवडलं. आपण विरजण नेतो तसंच झालं, त्याचे कोणी पैसे मागते काय? पौर्णिमानं आपलं बदलवलेलंबी तिथं ठेवलं. जगात कोणाचा एकच हात चालत असंन तर त्याले आयतं भेटन.

भराची रीत अशी. माऊसचं एक बटन दाबून धराचं, अन् धरल्या धरल्याच वायर कॉम्प्युटरले लावाची. म्हणजे दोन हात पाह्यजेत. एक तिचा, एक माझा.

तिनं बटन दाबलं, मी वायर लावली. तर माऊसचा दिवाच विझला! ती पडद्याकडं पाहून फाईल पाठवत होती. मले वाटलं, मेला. घाबरून मी वायर ओढली, अन् चुकलं हे समजलं तशी चुपचाप पुना लावली. पण माऊस काई बोलेना.

"आजी, काई झालं काय?"

"काई नाई बाप्पा. उंदरानं वायर कुरतडली असंन."

"हो, असंन," म्हणाली, अन् माऊस उचलून फळीवर ठेवला.

दोन दिवस मी येताजाता फळीवरच्या माऊसकडं पाहत राह्यली. पोरीची नोकरी माझ्या हातानं गेली, असंच वाटे. तिसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता सांगून टाकलं. तर ती हासाले लागली. "मले तवाच मालूम होतं. पडद्यावर लिहून आलं होतं, वायर निघाली म्हणून."

"मंग दोन दिवस मले काऊन जाळलं?"

"तुले सांगू वाटन तवा सांगशील म्हटलं. अन् दुसरा हात तर तुझाच लागणार होता. घाबरलेला हात घेऊन काय करू?" मंग मले समजावून सांगितलं, की याच्या पोटात एक जागा अशी आहे जी कोणाच्या चुकीनं पुसल्या जात नाई. तिथून कितीबी डाव पुना भरता येते, अन् भरतानी दिवा विझतेच.

पुना बसलो. या डावानं मी दिव्याकडं पाह्यलंच नाई. भरलं बाप्पा! तिनं पडद्यावर आपलं घर शोधलं अन् डाव्या हातानं भोवताल रेघ ओढली. एकसरकी, कुठंच तुटली नाई.

रत्नदीप, आता जे लिहाचं टाळून राह्यली होती ते लिहिते. जाम गावच्या चौकात खडीवर गाडी घसरली तवा गाडी तू चालवत होता, ती मागं बसली होती. तुले खरचटलं, तिचा उजवा हात कामातून गेला. दीड वर्ष झालं. तुले तो हात पाहवत नाई म्हणून तू चाकणले जाऊन बसला, हे मले मालूम आहे अन् तिलेबी मालूम आहे. आम्ही दोघी एकमेकीले सांगतो, कंपनीत सुट्टी नाई. तिची माय असती तर तुले कान धरून आणलं असतं. मी रागावत नाई. दोन दिवसात माझे हाल झाले, तुझं दीड वर्ष कसं गेलं असंन रे बाप्पा.

तवापासून ती कोणाच्याच गाडीवर बसत नाई. काल मी इचारलं, "सेलूले बसनं जाशील ना?"

तर म्हणते, "रोज बसनं. पहिल्या दिवशी बाबा आले तर त्यायच्या गाडीवर."

"भेव नाई लागत?"

"लागते. म्हणूनच बाबा पाह्यजेत."

हे तुले लिही म्हणाली नाई, लिहू नको बी म्हणाली नाई.

तीस तारखेच्या आत येजो. तोंडानं काई बोलता आलं नाई तर नको बोलू. सोमवारी सकाळी गाडी चालू करून दारापुढं उभा राहजो. ती येऊन बसन.

तुझी वाट पाहणाऱ्या दोघींपैकी म्हातारी,
तुझी माय
तानाबाई