नामगुंगच्या लग्नातलं माझं भाषण

४ मार्च, सोमवार
सेक्शनमधला नामगुंग मे महिन्यात लग्न करतोय. मुलगी सोल-आ, एका डेंटिस्टकडे कामाला असते. बातमी सांगून झाली तरी माझ्या टेबलापाशी घुटमळत होता, मान खाली. मी लगेच ओळखलं. वडीलधारा म्हणून लग्न लावायला, वधूवरांना चार शब्द सांगायला त्याला मीच हवाय, पण साहेबांना विचारणार कसं? आमच्याकडे कोरियात मनातलं तोंडाने मागायचं नसतं, वरच्याने ओळखायचं. मीच म्हटलं, काळजी सोड, भाषण मी करतो. पांढराफटक पडला. कृतज्ञता!

७ मार्च
भाषण लिहायला घेतलं. पाच मिनिटांचं, आटोपशीर. एका बैठकीत होईल.

१५ मार्च, शुक्रवार
झालं नाही. जोडप्याची माहितीच नाही तर काय कपाळ लिहिणार? नामगुंगला ऑफिसनंतर जेवायला नेलं. भाजलेलं डुक्कर, सोजू दारूच्या तीन बाटल्या. सारखा घड्याळ बघत होता. म्हणाला, सोल-आबरोबर हॉल बघायला जायचं होतं, पण हरकत नाही. हरकत नाही म्हणाला म्हणजे नसणारच. उलट दोन्ही हातांनी माझा प्याला पुन्हा भरला. संस्कार दिसतात.

३० मार्च, शनिवार
नामगुंगला घेऊन डोंगर चढलो. मोकळ्या हवेत मुद्दे सुचतात. दुपारी त्याचं काहीतरी होतं म्हणे, पण तुमच्यापुढे काय, असं म्हणाला. मुद्दा पहिला : जोडीदाराला वेळ देणे. यावर उतरेपर्यंत बोललो. त्याचा फोन सारखा वाजत होता. मी म्हटलं, घे की. तर म्हणे, साहेब बोलत असताना कसा घेऊ? अगदी भरून आलं. आमचा मुलगा माझ्याशी बोलताना फोन खाली ठेवत नाही.

संध्याकाळी बायको म्हणाली, त्या पोराला भाषण हवंय का, ते विचारलंत तरी का? हल्लीच्या लग्नात भाषणबिषण नसतं, मित्रच गाणी म्हणतात. मी म्हटलं, तुला ऑफिसातलं कळत नाही. ती म्हणाली, बरं. तिचं ते 'बरं' काही डोक्यातून जात नाही.

९ एप्रिल, मंगळवार
भाषण अकरा पानं. उद्यापासून काटछाट. संचालक पे साहेबांच्या सहज कानावर घातलं की लग्न मी लावतोय. छान छान म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले. जळले असणार. लग्न लावणाऱ्याने घालायचे पांढरे हातमोजे आणले, एक नंबर लहान निघाले. घालून घरात फेऱ्या मारतोय, म्हणजे सैल होतील.

आज नामगुंग आला, साहेब, जरा बोलायचं होतं म्हणाला. मी म्हटलं, आधी हे ऐक, आणि सुखी संसाराचं पान वाचून दाखवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी! बोलायचं होतं ते मग राहूनच गेलं.

२४ एप्रिल
पत्रिका अजून नाही. सेक्शनमध्ये विचारलं तर सगळे आपापल्या कीबोर्डकडे बघायला लागले. माझ्यासाठी काहीतरी सरप्राइज शिजतंय. कळून न कळल्यासारखं वागायचं ठरवलं. जमत नाही. दिवसातून दहा वेळा त्यांच्या टेबलांवरून चक्कर होते.

भाषण चौदा पानं.

२ मे, गुरुवार
केस रंगवले. डावा कानही रंगला. बसवत नाही, उभं राहवत नाही. उद्या नामगुंगला बोलावून तारीख, हॉल, सगळं विचारून टाकायचं. पुरे झाली त्याची लाज.

३ मे, शुक्रवार
विचारलं.

लग्न मोडलंय. मार्चमध्येच. त्या शनिवारी दोन्हीकडचे आईवडील पहिल्यांदा एकत्र जेवायला बसले होते. नवरामुलगा पोहोचला तेव्हा ताटं उचलली गेली होती. कुठे होतास, विचारल्यावर म्हणाला, साहेबांबरोबर डोंगरावर. सोल-आ म्हणाली, मग लग्नही साहेबांशीच कर.

मी म्हटलं, अरे, मला सांगायचं नाहीस? तर म्हणाला, तुम्ही एवढे खूश होता, तोंडच उघडेना. मग कमरेत वाकून त्याने माझी माफी मागितली. माझी मेहनत त्याच्यामुळे वाया गेली म्हणून.

मी माफ केलं. सवयीने, चक्क माफ करतो म्हणालो. मग इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना.

काहीतरी करायला हवं म्हणून सांगून टाकलं, आजपासून तू रोज वेळेवर घरी जायचंस, मी थांबवणार नाही. त्याने विचारलं, साहेब, आता घरी जाऊन काय करू? आणि जागेवर जाऊन कामाला लागला.