माहेरच्या पेशी

नागपूर, दवाखाना

माह्या धाकट्या भावाले, लटारूले, बाईचा पोटभर आशीर्वाद.

पत्र दिव्यानी लिहून राह्यली. नात माही, पण अक्षर तिच्या मायवर, तुह्या चंचलवर गेलं, म्हणून वाचता येईल. तुह्या बायकोचा गुडघा कसा आहे?

दिव्यानी बरी आहे, काल दोन वाट्या भात खाल्ला. सिकलसेलचं दुखणं मात्र हाडं सोडत नाई. दुसऱ्याच्या हाडातला मगज दिला तर ते जाते, पण पेशी जुळल्या पाहिजे. मायबापाचं अर्धंच जुळलं, सख्खं भावंड तिले नाई. डॉक्टरीणबाईनं मगज देणाऱ्यायची देशभराची यादी पाह्यली. तिच्यात आपल्या भागातले लोक नावालेच, कोणी जुळलं नाई.

आठवते, धानाच्या रोवण्याच्या चिखलात उभी राहून मी माह्या लेकासाठी, गोपालसाठी चंचलले मागितलं होतं? तू म्हणे, "बाई, धुऱ्यावर तरी ये!" मी म्हटलं, "आधी हो म्हण." किती हासलो होतो आपण!

डॉक्टरीण म्हणते, घरातल्या घरात लगन झालं, म्हणून दुखणं दोहीकडून आलं. मी मान खाली घातली. मंग तीच म्हणते, म्हणूनच मामाच्या पेशी जुळायची आशा जास्त.

तुह्या लेकाले, विक्कीले पाठव. सध्या पेशी तपासाले गालातून कापसाची काडीच फिरवते. त्याची बायको भेते, ठाऊक आहे. तिले सांग, दिलेला मगज अंगात पुन्हा भरते.

दिव्यानी लिहिता लिहिता थांबली. म्हणे, "आजी, मामाचंही नाई जुळलं तर?"

मी म्हटलं, "तू आधी लिही, सकाळची गाडी धर म्हणून."

तुही बाई सुगंधा, तिचा अंगठा