दुसरी सही

९ जानेवारी २०२३, सोमवार
पास! जर्मनची परीक्षा पास! तोंडी परीक्षेत म्हणे अर्धे लोक उडतात. मी नाही उडाले. इथे गोव्यात साखळीच्या हॉस्पिटलात इतकी वर्षे नर्स म्हणून रागीट डॉक्टर आणि त्याहून रागीट नातेवाईक सांभाळले. एक जर्मन बाई मला काय घाबरवणार!

दत्ताला लगेच फोन केला. म्हणाला, "मागीर? आता माका पण गुटेन मॉर्गेन म्हणूंक जाय?" म्हणूंक जायच! खाणी बंद पडून ट्रक विकल्यापासून नवरा घरी बसून माशांचे हुमण करायला शिकलाय. जर्मनही शिकेल.

१४ जानेवारी, शनिवार
जर्मनीत नर्स पाठवणाऱ्या एजन्सीच्या अंकिताने आज सगळे समजावून सांगितले. तिथे पगारातूनच आजारपणाचा विमा, पेन्शन, बेकारीचा फंड कापतात. कापू देत! मुख्य गोष्ट अशी – नवरा कमावत नसेल तर तो बायकोच्याच विम्यात बसतो, वेगळा हप्ता नाही. इन्सुलिन, तपासण्या, डोळे, किडनी, सगळे त्यात.

माझे सगळे यावरच अडलेय. दत्ताला पंचविशीपासून रोज इन्सुलिन लागते. खासगी विमावाले ‘आधीचा आजार’ म्हणून त्याला दारात उभे करत नाहीत. विम्याशिवाय त्याला तिकडे नेणे शक्यच नाही. आणि इथे सोडून जाणे? साखर उतरली की त्याला स्वतःला कळतही नाही, मला त्याच्या चेहऱ्यावरून कळते. म्हणजे जायचे तर दोघांनी. नाहीतर कोणीच नाही!

अंकिताने त्यासाठी मागितले काय, तर लग्नाचा दाखला. हात्तिच्या!

१७ जानेवारी, मंगळवार
दाखला सापडत नाही. कपाट झाले, ट्रंक झाली, सासूबाईंचा देव्हाऱ्यामागचा डबाही झाला. लग्नाचा अल्बम तेवढा सापडला. काय बारीक होते मी! उद्या डिचोलीला जाऊन नवी प्रत काढते.

१८ जानेवारी, बुधवार
आमचे लग्नच झालेले नाही!

हसू की रडू? रजिस्ट्रारच्या ऑफिसातले गोकुळदासबाब पुस्तक उघडून म्हणाले, "बाय, पयली सय आसा. दुसरी खंय?"

गोव्यात कायद्याचे लग्न दोन सह्यांचे. पहिली, लग्न करणार आहोत म्हणून. मग नोटीस लागते. कोणाची हरकत आली नाही तर दुसरी सही, आणि ती झाली की नवरा-बायको. भटजी, मंगलाष्टके, जेवणावळ – सरकारदरबारी शून्य. पोर्तुगीज गेले, सह्या राहिल्या.

मग आठवले. आमचा मुहूर्त दोन सह्यांच्या मधेच आला होता. दुसरी मे महिन्यात करायची होती. आणि मे म्हणजे पाऊस लागायच्या आत खनिज नदीतल्या बार्जवर पोचवायची धांदल. दत्ता म्हणाला होता, "ट्रिपो सोडून कसो येवूं? पावसांत वचूंया." पावसात भाताची लावणी आली, मग गणपतीची चवथ आली, मुदत टळली आणि विषयच सुटला. रेशनकार्ड झाले, मतदान झाले, पासपोर्टवर नवऱ्याचे नावसुद्धा आले. दाखला कोणी मागितलाच नाही.

"परत पयलेसावन सुरू करचें पडटलें," गोकुळदासबाब म्हणाले. "भायर वचपाची वेळ येता तेन्ना अशीं जायतीं येतात." चला, आम्ही एकटेच शहाणे नाही!

१९ जानेवारी, गुरुवार
सासूबाई भडकल्या. "सगळ्या गांवाक जेवण घातलां! आता परत लगीन? लोक किदें म्हणतले?" मी म्हटले, जेवण नाही घालायचे, नुसते साक्षीदार म्हणून या. दिवसभर अबोला. संध्याकाळी हळूच – "साडी खंयची न्हेसूं?"

दत्ता मात्र गप्प. एरवी अशी गंमत त्याने डिचोलीच्या बाजारभर सांगितली असती.

२४ जानेवारी, मंगळवार
पहिली सही झाली. म्हणजे दुसऱ्यांदा पहिली! गोकुळदासबाब म्हणाले, "ह्या फावट पळूं नाकात हां!" सगळे हसले, दत्ता सोडून. पेन हातात धरून बसला होता कितीतरी वेळ. येताना उंडे पाव आणि भजी खाल्ली. लग्नाची पार्टी!

२ फेब्रुवारी, गुरुवार
अंकिताचा फोन. दाखल्याला उशीर झाला तर तिकडचे हॉस्पिटल थांबणार नाही, तुम्ही आधी एकट्या जा, म्हणते. छे! वेळेत करून दाखवते, म्हटले.

जेवताना दत्ता म्हणाला, "तू एकलीच गेल्यार किदें जाता?" आणि तुझी साखर उतरली तर, मी विचारले. "आई आसा." आईंना मशीनवरचे आकडेसुद्धा दिसत नाहीत! मी ताट उचलून आत गेले. असा राग आला! मी ही धावाधाव करते ती कोणासाठी? याला माझ्याबरोबर यायचेच नाही की काय?

३ फेब्रुवारी, शुक्रवार
दोघे एकमेकांशी बोललो नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी दत्ता सोप्यात बसून "इश बिन, दू बिस्ट" घोकत होता. मला बघून पुस्तक उशीखाली! मी काही पाहिलेच नाही असे दाखवून चहा ठेवला. येणार तर! मोपाच्या विमानतळावरून निघायचे, आईंना बहिणीकडे पेडण्याला ठेवायचे, पहिल्या महिन्यापुरते इन्सुलिन थंड पिशवीत न्यायचे – सगळे डोक्यात पक्के आहे.

१६ फेब्रुवारी, गुरुवार
कोणाचीच हरकत आली नाही. कोण घेणार! उद्या दुसरी सही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिसच्या पायरीवर दत्ताने माझा हात धरला. "सेजल, तेन्ना ट्रिपो नासल्यो. हांवें मुद्दाम चुकयली दुसरी सय." त्याच आठवड्यात त्याच्या रक्तातल्या साखरेचे पहिले रिपोर्ट आले होते. मला पावसानंतर दाखवले. "तू तेवीस वर्सांची. म्हटलें, जल्मभर म्हाताऱ्यावरी माका सांबाळीत कित्याक रावची? वचूंक दिसलें जाल्यार कोर्टाबिर्टाशिवाय वच."

इतकी वर्षे मी मोकळी होते, आणि मला ठाऊकच नव्हते! ठाऊक असते तरी गेले नसते, गाढवा. तिथेच रडले, सगळ्यांसमोर. सासूबाई घाबरून विचारत होत्या काय झाले, काय झाले.

आत गोकुळदासबाब म्हणाले, "पयलीं न्हवरो." मी पेन ओढून घेतले आणि आधी सही केली.