‘शुद्ध’ लिहिलेली बाटली

दादा,

नमस्कार. रागात केलाय, पण केलाय. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोलीत ऊनही येतं. आईला एवढंच वाचून दाखव. पुढचं तुझ्यासाठी आहे.

“एवढं शिकून कोळसाच पाडतेस,” असं चारचौघांत हसतोस ना? मक्याची धाटं बंद भट्टीत भाजून, त्यांवर लोखंडाचं पूट चढवून मी जो कोळसा करते, तो पाण्यातलं तणनाशक नुसतं धरून ठेवत नाही, तोडून टाकतो. परवा प्रयोगशाळेत तुलनेसाठी शुद्ध पाणी हवं होतं. मी मोठ्या तोऱ्यात आईने बांधून दिलेली आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली काढली आणि तिच्यावर ‘शुद्ध’ असं लिहिलं.

त्यात आधीच तणनाशक निघालं. तीनदा मोजलं. सरांना वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. अदलाबदल नव्हती; बाटलीवर माझंच अक्षर होतं.

फवारणीचा पंप अजून विहिरीच्या काठावरच धुतोस ना? किती वेळा बोलले! “पाणी वाहून जातं,” म्हणायचास. कुठे जातं? आपल्याच हंड्यात!

माझ्या कोळशाने ती एक बाटली साफ केली. अख्खी विहीर कशी करू? उद्यापासून पंप तिकडे न्यायचा नाही आणि प्यायचं पाणी नळावरून आणायचं. बाबांना जेवण जात नव्हतं, आता भूक कशी आहे? खरं कळव.

आईला कारण तूच सांगायचं. माझ्याच्याने होत नाही. ती दर फोनला विचारते, “पाणी गोड लागलं ना गं?” आणि मी हो म्हणते.

तुझी, रागावलेलीच,
धाकटी