पडलेली रसभरी

आक्का,

जितेपणी तुला 'तुमी' म्हणायचे. आता 'तू' म्हणते. देवाला अन् गेलेल्या माणसाला अरे-तुरे चालतंय. लिहायलीय माझी नात आरती, मी नुसती बोलायले. तुला तरी कुठं वाचता येत होतं! तिथं कुणी शिकलेलं गाठ अन् वाचून घे.

आज लिहायचं कारण तुझी रसभरी. दुसरं काय? उभा जन्म तिनंच मला जाळलं.

आपल्या दोघी जावांच्या परसात मधी एक कूड. इकडं माझी झुडपं, तिकडं तुझी. बी दोघींनी टाकलं ते वालूरचं, तुझ्या माहेरचं. माती एक, आड एक, शेणखतबी एकाच म्हशीचं. मग तुझी रसभरी गूळ अन् माझी चिंच, हे कसं गं? मी राख घातली, ताक ओतलं. तुझ्या झुडपांना नजर लागावी म्हणून टक लावून बघितलंसुद्धा. लागली न्हाई मेली!

अन् आमचे हे! माझी खाऊन तोंड वाकडं करायचे अन् कुडावरून हात पुढं, "वैनी, दोन द्या बरं." तू पदरातून काढून द्यायचीस, वर हसायचीस. त्या हसण्यापायी माझ्या किती भाकरी करपल्या, तुला काय ठावं!

एकदा लाज गिळून विचारलं, "आक्का, तुमी झाडाला काय घालता हो?" तर तू म्हणलीस, "धाकटे, दम धर." झालं! मला वाटलं, टोमणा मारला. दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोलले न्हाई. तूबी उलगडून सांगितलं न्हाईस.

मग तू गेलीस. तीबी भरल्या कपाळानं, माझ्या पुढं! दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तुझा लेक म्हणाला, बापूंना जपतो. लेक म्हणली, भावाशी भांडणार न्हाई. कावळा आपला लिंबावर बसून बघायलाय. ऊन चढलं. मी कावून पुटपुटले, "बरं बाई, तुझ्या रसभरीला मी पाणी घालीन!" मेला असा झेपावला! साऱ्या भावकीसमोर. नवरा-लेकरं सोडून तुझा जीव झुडपात, अन् राबायचं कुणी, तर मी?

घातलं पाणी. पण मनात म्हणलं, पाण्याचा शब्द दिलाय, फळं तोडायचा न्हाई. फळं पिवळी झाली, टरफलं कागदासारखी वाळली, तरी हात लावला न्हाई. किडू दे, कुजू दे!

आज सकाळी परस झाडायला गेले तर खाली सडा. आपसूक गळालेली. एक उचलली, टरफल सोलून तोंडात टाकली. आगं आक्का! तीच गोडी! तुझ्या पदरातली!

तवा उजेड पडला. जरा पिवळं दिसलं की मी तोडायचे, तुझ्या आधी माझी खाल्ली जावी म्हणून. पडलेलं उचलायचं म्हणजे मला कमीपणा वाटायचा. अन् तू रोज वाकून खालचीच वेचायचीस! म्हणजे दम धर म्हणजे खरंच दम धर होतं व्हय? 'गळेपर्यंत' एवढा एक शब्द पुढं जोडला असतास तर तुझी जीभ झिजली असती?

ह्यांना ओंजळभर नेऊन दिल्या. एक चघळली, डोळ्यात पाणी आलं अन् म्हणले, "वैनीची हाय ही." पाणी मी घातलेलं, वाकून मी वेचलेली, अन् नाव तुझं! मेल्यावरबी!

आता ऐक. येत्या मिरगाला ह्याच फळांचं बी माझ्या बाजूला टाकीन. एकबी तोडणार न्हाई, दम धरीन. तुझ्या झुडपांचं पाणी चुकवणार न्हाई, शब्द दिलाय. पण माझी गोड झाली की साऱ्या गल्लीला सांगीन, ही धाकटीची हाय. पहिली गळालेली कुडावर ठेवीन. कावळा पाठव, खाऊन बघ, अन् एकदा तरी माझ्यावर जळ.

तुझीच,
धाकटी