केलगेरीच्या वारुळावर 'नको' म्हणण्याचा हक्क

मी, शकुंतला वादिराज मुधोळकर, वय वर्षे एकाहत्तर, शाळेतील विज्ञान शिक्षिका म्हणून निवृत्त, राहणार केलगेरी, धारवाड, हा कागद माझ्या मर्जीने, कोणाच्या धाकात किंवा भिडेत न येता लिहून ठेवते. धाक मी कधी कोणाचा धरला नाही. भीड थोडीफार धरली ती सासूबाईंची, आणि त्या आता नाहीत. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत आहे की काही नातेवाइकांना तिचा त्रास होतो. डोळ्यांचे मात्र तसे नाही. हुबळीच्या देशपांडे नगरातील डॉ. रेखा हिरेमठ यांनी तपासून सांगितले आहे की दोन्ही पडदे मधल्या भागात झिजत चालले आहेत. माणसे ओळखू येतील, अक्षर लागेल, पण फिके रंग एकमेकांत मिसळू लागतील.

म्हणून हे मृत्युपत्र. घरदार कोणाला द्यायचे याची चिंता नाही, मुलगा एकच आहे. चिंता वेगळी आहे. पावसाळ्यात आमच्या गल्लीतले लोक तळ्याच्या बांधावरून, शेतांच्या कडेने जी अळंबी आणतात, ती आधी माझ्या पायरीवर ठेवतात आणि मी 'खा' म्हटल्याशिवाय चुलीवर चढवत नाहीत. आजवर या गल्लीतून अळंबी खाऊन कोणी दवाखान्यात गेलेले नाही. माझ्यानंतर त्यांनी विचारायचे कोणाला? इथे चुकीचा माणूस नेमला गेला तर पुढच्या पावसाळ्यात एखाद्या घरात मुलेबाळे उलट्या करून आडवी होतील, किंवा त्याहून वाईट होईल. तेव्हा बाकीची कलमे वाचताना कंटाळा आला तरी चालेल, शेवटचे नीट वाचावे.

कलम १. केलगेरीतील राहते घर, पुढचे अंगण आणि मागचे परसू मुलगा श्रीहर्ष व सून मेधा या दोघांना समान हक्काने मिळावे. एकट्या श्रीहर्षच्या नावे केले असते, पण परसातले वारूळ पाडून तिथे गाडीसाठी शेड घालण्याचा विचार त्याच्या डोक्यात घोळतो आहे, आणि मी गेल्यावर तेराव्याला तो कंत्राटदार बोलावील अशी मला खात्री आहे. अट अशी की वारूळ जिवंत असेतो त्याला पहार लावायची नाही. वाळवीने दारांच्या चौकटी खाल्ल्या तर लोखंडी बसवाव्यात, त्यासाठी बँकेत माझी ठेव आहे, ती त्याच कामी लावावी. शेड पुढच्या अंगणात घालावी. तिथे फक्त मोगरा आहे आणि मोगरा कुठेही येतो.

नागपंचमीला पूजेला येणाऱ्या बायकांना अडवू नये. मात्र वारुळाच्या तोंडात दूध ओतू देऊ नये, पानावर ठेवायला सांगावे आणि नंतर मुलांना द्यावे. नाग दूध पीत नाही हे मी वर्गात दरवर्षी शिकवले. घरी सासूबाईंसमोर एकदाही बोलले नाही.

कलम २. मागच्या पडवीतील शेगडी, मोठी कढई आणि दोन पाट शेजारच्या सुमनला द्यावेत, कारण ती कढई घासून परत करते. या शेगडीचा इतिहास सांगितला पाहिजे. माझे माहेर खानापूरकडचे, रानाला लागून. माझी आई टोपली घेऊन निघाली की आम्ही पोरी मागून निघायचो. सासर मात्र कडक वैष्णव. इथे कांद्यालाही विचारून आत यावे लागे, अळंब्यांचे तर नाव काढायची सोय नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात परसातल्या वारुळावर पांढरी फटफटीत छत्री उगवली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटले. सासूबाई म्हणाल्या, असले काही उंबऱ्याच्या आत आणायचे नाही. यजमान भूमापन खात्यात होते, हद्द कशाला म्हणतात ते त्यांना चांगले कळत असे. त्यांनी उंबरा कुठे संपतो ते पाहिले, पडवी त्याच्या बाहेर पडते असा निवाडा दिला आणि संध्याकाळी बाजारातून शेगडी घेऊन आले. पुढे ते असेपर्यंतची सगळी वर्षे आम्ही दोघे पावसात त्या पडवीत पाटावर बसून अळंब्यांची भाजी आणि जोंधळ्याची भाकरी खाल्ली. सासूबाई आतून कडी लावून घेत आणि दुसऱ्या दिवशी मीठ बेताचे होते का म्हणून विचारत. मी त्या पडवीत फार सुखी होते.

कलम ३. माझ्याकडचा चांदीचा जुना रुपया धाकटे दीर बाळाचार्य यांना द्यावा. हा त्यांचाच आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी कुठूनशी अळंबी आणली, माझ्याच कढईत घातली, वर हा रुपया टाकला आणि तो काळा पडला नाही म्हणून सगळ्यांना ताटे घ्यायला सांगितले. मी रुपयासकट कढई परसात उपडी केली. रुपया नंतर मी शोधून काढला, पण दिला नाही, कारण त्यांनी पुन्हा तोच उद्योग केला असता. आता लिहून देते: चांदी काळी पडते की नाही, लसूण निळी होते की नाही, किड्यांनी खाल्ले की नाही, यातल्या एकाही गोष्टीवरून विष कळत नाही. गोगलगाय जे पचवते ते माणसाला पचेलच असे नाही. भावोजींनी रुपया देव्हाऱ्यात ठेवावा. कढईत पुन्हा टाकल्यास तो सुमनकडे जाईल.

कलम ४. बांबूची उकरायची काठी शेजारच्या हणमंतला. पहाटे उठून माझ्या वारुळावरची निम्मी अळंबी हणमंत नेतो आणि दुपारी उरलेली दाखवायला माझ्याच पायरीवर आणतो. मी त्याला चोर म्हणत नाही. इतकी वर्षे उजळ माथ्याने नेल्यावर कायद्याच्या भाषेत तो वहिवाटदार होतो. त्याची मागच्या फाटकातून येण्याची वहिवाट श्रीहर्षने मोडू नये. निम्मी घ्यावी, निम्मी ठेवावी, लहान कळ्या उपटू नयेत, आणि "यंदा फार आलीच नाहीत अक्का" असे सांगणे बंद करावे. फोडणीचा वास भिंतीवरून येतो.

कलम ५. माझी विद्या मोफत आहे, ज्याला हवी त्याने घ्यावी. वारुळाच्या अळंब्याला डोक्यावर मधोमध टोक असते आणि खाली लांब, निमुळते मूळ असते, ते थेट वाळवीच्या घरापर्यंत जाते. मूळ पाहिल्याशिवाय ओळख पुरी होत नाही, म्हणून प्रत्येक घोसातले एक तरी हळूच उकरून काढावे. मुळाशी वाटीसारखे आवरण दिसले तर हात धुवावेत आणि घरी जावे. गवतात एक मोठी, देखणी, पांढरी छत्री येते, तिच्यावर भुलून पुष्कळ लोक आजारी पडतात. तिला लांब मूळ नसते. छत्रीचा देठ काढून ती अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर उपडी ठेवावी, वर वाटी झाकावी, काही तासांनी खाली भुकटीचा ठसा उमटतो. वारुळाच्या अळंब्याचा ठसा गुलाबीसर येतो. त्या देखण्या छत्रीचा हिरवट येतो. यातले एकही लक्षण एकटे पुरेसे नाही, सगळी जुळली पाहिजेत. आणि शिजवण्याआधी एक कच्चे अळंबे कागदात बांधून बाजूला ठेवावे, म्हणजे वेळ आलीच तर डॉक्टरांना काय खाल्ले ते दाखवता येते. श्रीहर्ष हे सारे मोबाइलला विचारतो. त्याच्या मोबाइलने एकदा माझ्या सुरकुतलेल्या अंगठ्याच्या फोटोला खाण्याजोगे म्हटले होते. पोरगा हुशार आहे, पण भूक लागली की त्याला सगळे खाण्याजोगे दिसते.

कलम ६. आता मुख्य गोष्ट. यंदाच्या नागपंचमीला संध्याकाळी वारुळाच्या बाजूच्या गवतात मला अळंब्यांचा मोठा घोस दिसला. रात्री पाऊस येणार होता, सकाळपर्यंत चिखल झाला असता. पण पंचमीला जमीन उकरायची नाही, विळी धरायची नाही, हे या घरात अजून पाळतात. मीही पाळते, का ते मला विचारू नये, सासूबाईंना विचारावे लागेल. मी काठी न लावता ती वरूनच उपटली. देठ मुळाशी तुटले, तेव्हा मी म्हटले, मुळे मातीत राहिली. एक छत्री वाटीखाली ठेवली. सकाळी वाटी उचलून ठसा पाहिला आणि मला तो गुलाबीसर दिसला.

दुसऱ्या दिवशी शेगडी पेटली. श्रीहर्ष, भावोजी, हणमंत आणि सुमन ताटे घेऊन पडवीत बसले होते. मेधा नेहमीप्रमाणे शेजारी बसून निवडायला लागली. ही माझी सून हुबळीच्या केशवापूरची, व्यापाऱ्याच्या घरातली. शाळेत गणित शिकवते. अळंबी तिने आजवर तोंडात घातलेली नाहीत, रबरासारखी लागतात म्हणते, पण निवडायला दरवर्षी बसते. तिने एक उचलले, उलटे करून पाहिले, दुसरे उचलले आणि विचारले,

"अत्याबाई, मूळ कुठंय?"

मी म्हटले, पंचमीला उकरतात का कोणी? ती उठली, ठशाचा कागद घेऊन उजेडात गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. भावोजी म्हणाले की वैनींनी पाहिलंय म्हणजे झालं. श्रीहर्षही म्हणाला, आईचा हात आहे, बघायचं काय त्यात. मलाही राग आला. ज्या पोरीला मी ही विद्या शिकवली ती चार माणसांत माझी परीक्षा घेते आहे असे वाटले. मी कढईत तेल ओतले.

मेधा परत आली आणि तिने शेगडी विझवली.

"ब्याड, अत्याबाई," ती म्हणाली. "नको. ठसा हिरवा आहे."

मी कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, तिरका धरला. मला तो गुलाबीच दिसत होता. मी तिला पुन्हा विचारले, नक्की? तिने अळंब्यांची टोपली उचलून पोटाशी धरली. म्हणाली, "तुम्हीच शिकवलंय, मूळ नसलं तर नको. आज तुम्ही म्हणालात तरी नको."

टोपली परसात पुरली. हणमंतने मुकाट्याने खड्डा खणला. त्या अळंब्यांनी आमचे प्राण घेतले असते असे मी म्हणत नाही, पण खाणारे आम्ही पाचही जण रात्री दवाखान्यात असतो आणि गल्लीचा माझ्यावरचा विश्वास तिथेच संपला असता. दोन दिवस मी मेधाशी नीट बोलले नाही, हे खरे आहे. माझे डोळे गेले याचे दुःख मला झाले आणि ते अजून आहे. तिसऱ्या दिवशी कळले की मला राग तिचा आलेला नाही. मग मी तिला जवळ घेतले आणि आम्ही दोघी पोटभर रडलो. त्या रात्री मला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

सबब, गल्लीतल्या अळंब्यांना 'खा' किंवा 'नको' म्हणण्याचा माझा अधिकार मी सून मेधा श्रीहर्ष मुधोळकर हिला देते. तिला खायचा मोह नाही, म्हणून तिची नजर भुलत नाही. शंका आली की ती नको म्हणते, आणि समोर वडीलधारी माणसे ताटे घेऊन बसली असली तरी म्हणते. ती नको म्हणाली की भावोजी, श्रीहर्ष, हणमंत यांनी तिच्याशी वाद घालू नये. मीही घालणार नाही.

हे कलम वाचून वकील संजीव कित्तूर यांनी हरकत घेतली. ते म्हणाले, "काकू, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर चालू होतं. तोपर्यंत हक्क तुमचाच." मी म्हटले, मग तेवढ्यासाठी मी थांबणार नाही. काल शनिवारी ते, डॉ. रेखा आणि समोरच्या घरातला प्रवीण साक्षीसाठी आमच्याकडे जमले असताना हणमंत फाटकातून आला आणि रोजच्यासारखी पिशवी माझ्या पायरीवर ठेवून "अक्का, बघा की ओ जरा" म्हणाला. माझे हात शिवशिवले. मी ते पदराखाली घेतले आणि मेधाला हाक मारली.

तिने मुळे पाहिली, बुंधे पाहिले, कागदावर छत्री ठेवून वाटी झाकली. ठसा उमटेपर्यंत वकीलसाहेब जेवून, वामकुक्षी घेऊन, कॉफी पिऊन बसले. मग मेधाने वाटी उचलली, कागद उजेडात नेला आणि येऊन म्हणाली, "खा."

मी पिशवीत डोकावले नाही. कागद मागितला नाही. पडवीत भाजी झाली आणि पहिला घास मी घेतला. मग डॉक्टरांनी आणि प्रवीणनेही ताटे पुढे केली. मीठ बेताचे होते.

वकीलसाहेबांनी काल सायंकाळीच सहीसाठी पेन पुढे केले होते. मी त्यांना आज यायला सांगितले. वाईट अळंबी कधी कधी उशिरा गुण दाखवतात, आणि मेधाच्या शब्दावर माझा किती भरवसा आहे हे नुसते लिहून पटत नाही. आज रविवार, ताटे उचलून पुरता दिवस गेला. मी सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या आहेत, आणि दोन्ही साक्षीदार आपापल्या पायांनी फाटकातून आत आले आहेत.

म्हणून आता सही करते.

लिहून ठेवणार: शकुंतला वादिराज मुधोळकर (सही)

आमच्यादेखत सही झाली. लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीवर होत्या, आम्हीही आहोत.

साक्षीदार:
१. डॉ. रेखा हिरेमठ, देशपांडे नगर, हुबळी (सही)
२. प्रवीण कुलगोड, केलगेरी, धारवाड (सही)

ठिकाण: मागची पडवी, केलगेरी, धारवाड
दिनांक: १७ ऑगस्ट २०२५